कोंबडीची पिल्लं आणली आणि मरायला लागली, तर आधी हे बघा

औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी रात्री दोन वाजता शेडमध्ये जा. निफाड, दिंडोरीकडच्या थंडीत बहुतेक घोटाळा तिथेच दिसतो. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढलेली असतील तर ऊब कमी पडतेय. खालची गुदमरून मरतात आणि सकाळी आपण रोग शोधत बसतो. लांब पळून चोच उघडी टाकत असतील तर उष्णता जास्त. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश हवेत, थर्मामीटर छताला टांगून उपयोग नाही. कोळशाची शेगडी असेल तर पडदे पूर्ण बंद करू नका, धुराने पिल्लं जातात.

मग हळूच गळ्याखालची पिशवी चाचपा. आल्यावर चोवीस तासांनी ती भरलेली, मऊ लागायला हवी. रिकामी असेल तर पिल्लाला पाणी-खाद्य सापडलेलंच नाही. प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवा.

बेंबी ओली, काळपट, पोट फुगलेलं आणि वास? हा संसर्ग बहुधा हॅचरीतूनच (अंडी उबवणी केंद्रातूनच) येतो. ताजं मेलेलं पिल्लू बर्फात ठेवून (गोठवू नका) त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे शवविच्छेदनाला न्या.