हेल्मेटसक्ती पटत नसेल तरी नाशकात गाडी कशी चालवायची

आधीच सांगतो, मला सक्ती आवडत नाही. डोक्यावर काय घालायचं ते सरकार सांगणार म्हटलं की डोकं तापतं, आणि मे महिन्यात द्वारकेच्या सिग्नलला हेल्मेट घालून थांबलं की ते खरोखरच तापतं. तरी मी रोज घालतो, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही.

ज्यांना सक्ती पटत नाही त्यांनी पहिलं काम हे करा की भांडायचं कुठे ते ठरवा. "माझं डोकं, माझी मर्जी" हा मुद्दा काही अगदीच टाकाऊ नाही पण कोर्टात तो कधीच निकालात निघालाय. आंध्रातल्या हेल्मेटच्या नियमामुळे मुक्तपणे फिरायच्या हक्कावर गदा येते अशी केस सुप्रीम कोर्टात गेली होती, १९८८ मध्ये कोर्टाने सांगितलं की गदाबिदा काही येत नाही, उलट डोकं फुटायच्या धास्तीशिवाय फिरता येतं. अमेरिकेत इलिनॉय, आयोवा, न्यू हॅम्पशायर इथे मोठ्या माणसांना आजही हेल्मेटची सक्ती नाही, तसं इथे हवं असेल तर आमदाराला गाठा, सह्या गोळा करा, पुणेकर हेल्मेटसक्तीशी वर्षानुवर्षं भांडतायतच. पण सिग्नलवरच्या मामाशी हुज्जत घालून कायदा बदलत नाही भो, फक्त पावती फाटते.

सध्याचा कायदा थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट, चार वर्षांवरच्या पोरांनाही. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड १००० रुपये आणि वर तीन महिने लायसन्स जाऊ शकतं.

नाशिककरांनी तर यातली गंमत अनुभवलीय. २०२१ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी "नो हेल्मेट, नो पेट्रोल" सुरू केलं, तेही नेमकं १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी! त्या दिवसांत मी एका पंपावर एकच हेल्मेट तीन टाळक्यांवरून फिरताना पाहिलंय, पहिल्याने पेट्रोल भरलं की मागच्याला द्यायचं, तो त्याच्या मागच्याला. माझे काकाही त्यातलेच, पंपापुरतं डोक्यावर आणि बाहेर पडले की परत कोपरात. कोपराला हेल्मेट घालून काय वाचतं ते त्यांनाच माहीत.

आता हेल्मेट घ्यायचं कसं, कारण खरी मर्जी इथे चालते आणि इथेच लोक ती वापरत नाहीत. फुटपाथवरची दोनतीनशेची टोपी पावती वाचवायला घेतली असेल तर तुम्ही दंडच हप्त्याने भरताय असं समजा. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. मागच्या बाजूला आयएस ४१५१ (हेल्मेटच्या मानकाचा नंबर) आणि त्यासोबत सीएम/एल असा कंपनीचा लायसन्स नंबर असतो, तो नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून बघा, खोटा स्टिकर असेल तर बहुतेक तिथेच कळतं. साइझसाठी शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवा, ५७-५८ सेंटीमीटर आलं तर बहुतेक कंपन्यांचं मीडियम बसतं. नवीन हेल्मेट गालाला दाबलं पाहिजे, बोलताना गाल आतून चावल्यासारखे वाटले तर बरोबर आहे. दुकानात घालून पट्टा लावा आणि मागून वर ढकला, पुढे येऊन निघालं तर ठेवून द्या परत, दुकानदार कितीही म्हणो की वापरून बसेल. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढंच ढिलं ठेवा. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पडताना तुमच्या आधी रस्त्यावर जातं. आणि एकदा जोरात आपटलं की बदला, आतलं थर्माकोल एकदाच दबतं, बाहेरून कितीही चकचकीत दिसू दे.

फायदा किती म्हणाल, तर जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्ये आला होता, त्यात डोक्याला इजा व्हायचा धोका ६९ टक्के आणि मरणाचा ४२ टक्के कमी निघाला. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ५०,०२९ हेल्मेट नसलेली.

पोलिसांनी अडवलं तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, शांत बोला. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवले तरी चालतात, मूळ कागदासाठी कोणी अडून बसलं तर हे सांगा, इथे मात्र मागे हटू नका. पैसे दिले तर पावती घ्याच. ई-चलान आलं की आधी फोटो बघा, गाडी तुमचीच आहे का, नंबर नीट वाचलाय का, चूक असेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका. व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका, ती फाइल खातं रिकामं करते.

उरला घाम. आतून पातळ सुती रुमाल बांधा, पॅड निघणारे असतील तर पंधरा दिवसांनी शॅम्पूने धुवून सावलीत वाळवा. काकांनी हल्ली ते सुरू केलंय, म्हणजे हेल्मेट डोक्यावर पोचलंय एकदाचं, पट्ट्याचं अजून सांगतोय.