मृगाआधी ट्रॅक्टरची बॅटरी: तालुक्याला जाण्याआधीची तयारी

मे सरत आला की आमच्या दारव्ह्याकडे बियाण्याची, खताची चौकशी सुरू होते. ट्रॅक्टर मात्र गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभा. त्याची आठवण येते ती पहिला पाऊस पडून वाफसा झाला त्या सकाळी. किल्ली फिरवावी अन् सेल्फने (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरने) नुसतं 'टक्' करावं. माझं तीन वर्षांपूर्वी हेच झालं. शेजारी म्हणाला, "भौ, बॅटरी गेली तुमची, बदलून टाका." मी तसाच तालुक्याला पळालो, सांगितलेल्या भावात नवी बॅटरी घेतली, जुनी तिथेच मोडीत दिली, दुपारी घरी येऊन जोडली. पुन्हा 'टक्'. दोष निघाला अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीचा मायनस ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणाऱ्या पट्टीत. गिअरबॉक्सला जिथे ती बोल्टने कसली होती तिथे खाली गंज चढला होता. दहा मिनिटं कानस मारली अन् ट्रॅक्टर सुरू. तोवर शेजाऱ्याचं अर्धं वावर पेरून झालं होतं.

म्हणून तयारीचं पहिलं काम खरेदीचं नाहीच, ते अंगणातलं आहे. मृग लागतो ७-८ जूनला, तुम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात बसा. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, सोड्याचं पाणी झाकणातून आत जाणार नाही एवढं पाहा. लग (तारेच्या टोकाची, टर्मिनलवर बसणारी पकड) काढून आतून घासा, अर्थिंगची पट्टी दोन्ही टोकांना सोडवून लख्ख करा. मग रात्रभर बॅटरीला हात लावू नका. सकाळी व्होल्ट मोजायचा मीटर लावा. १२.६ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर उतरली आहे. उतरली म्हणजे मेली असं नाही. आधी सावकाश चार्ज करून घ्या, मगच निवाडा.

निवाड्याला दोन साधनं. एक ग्रॅव्हिटी मीटर, तो ॲसिडचा दाटपणा मोजतो, काचेच्या पिचकारीसारखा असतो. बॅटरीच्या सहाही खाणी (सेल) एकेक करून तपासा. मेस्त्री 'बाराशे पन्नास' म्हणतात ते म्हणजे १.२५०, आणि आपल्या उन्हाच्या मुलखात भरलेल्या बॅटरीला एवढा आकडा चांगला. पाच खाणी बाराशे चाळीसच्या पुढे आणि एकच अकराशे पन्नासवर अडकलेली, असं दिसलं तर त्या खाणीचं काम संपलं, बॅटरी बदला. सगळ्याच सारख्या कमी असतील तर बॅटरीपेक्षा चार्जिंगवर संशय घ्या. पाणी टाकून लगेच मोजू नका, आकडा खोटा येतो. दुसरं साधन सेल्फ मारून पाहायचं. इंजिन बंद करायची दांडी ओढून धरा म्हणजे ते सुरू होणार नाही, कुणाला तरी किल्ली मारायला सांगा आणि मीटर बॅटरीवर ठेवा. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही. आता मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून हेच पुन्हा करा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर चोर अर्थिंगमध्ये लपलाय. माझ्याकडे त्या दिवशी चारशे रुपयांचा मीटर असता तर बॅटरीचे पैसे वाचले असते.

बॅटरी चार्ज करणारा डायनामोही पाहून घ्या. इंजिन जरा रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. त्याखाली असेल तर बेल्ट ढिला किंवा कटआऊट (चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर) बिघडलेलं, पंधराच्या जवळ जात असेल तर नव्या बॅटरीचंही पाणी हा डायनामो महिन्याभरात उकळून टाकेल. आणि घरात तरुण पोरं असतील तर तपासाचं आणखी एक ठिकाण म्हणजे ट्रॅक्टरवरचा टेप. इंजिन बंद ठेवून दोन तास गाणी वाजवायची आणि मग बॅटरीला दोष द्यायचा, हे आमच्याकडेही होतं.

एवढं करून बॅटरीच दोषी ठरली तर कागद-पेन्सिल घ्या. बॅटरीच्या अंगावर काय लिहिलंय ते उतरवा. पस्तीस ते पन्नास एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला बहुतेक १२ व्होल्ट आणि ७५ ते १०० एएचची (अँपियर-अवर, म्हणजे साठ्याचं माप) बॅटरी असते, ८८ ची सगळ्यात जास्त दिसते. लेबल उडालं असेल तर ट्रॅक्टरचं मॉडेल सांगा, दुकानदार यादीतून काढतो. पण मोजमाप तुमचं तुम्हीच न्या. पेटीची लांबी, रुंदी आणि वरची पट्टी धरून उंची. उंचीला लोक हमखास विसरतात, आणि मग बॉनेट बंद करताना टर्मिनल पत्र्याला टेकतं. बॅटरी खुंट्यांची बाजू तुमच्याकडे करून पाहा, प्लस उजवीकडे की डावीकडे? उलट बाजूची आणली तर तारा पोहोचत नाहीत, आणि ताणून पोहोचवल्या तर प्लस-मायनस चुकायची भीती. चुकलं आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर असेल तर त्याचे डायोड तिथल्या तिथे जळतात. खुंट्यांची जाडीही पाहा. प्लसचा खुंटा मायनसपेक्षा थोडा जाड असतोच, पण काही बॅटऱ्यांचे दोन्ही खुंटे बारीक येतात. मग लगमध्ये पत्र्याचा तुकडा सारायची पाळी येते, आणि तो पत्रा पुढच्या पावसाळ्यात गंजतो. सगळ्यात सोपं, मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा.

विदेशी बनावटीचं फार जुनं मॉडेल असेल तर आणखी एक पाहा: अर्थिंगची तार मायनसवर आहे ना? काही जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांत प्लसला अर्थिंग असे.

आता आकड्यांचा अर्थ. ८८ एएच म्हणजे ४.४ अँपियरने २० तास चालेल एवढा साठा. सेल्फला मात्र साठा नको, दणका हवा. क्षणभरात दोनशे-तीनशे अँपियर, थंडीत त्याहून जास्त. त्या दणक्याचा आकडा सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपियर). तो उणे १८ अंशांवर मोजतात, आपल्या वावरात ती थंडी कधी येणार नाही, तरी दोन बॅटऱ्यांची तुलना करायला कामाचा.

इथेच गावात सगळ्यात जास्त चुका होतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून ट्रॅक्टरवर ठेवायची. तिच्या प्लेटा जाड, हळूहळू करंट द्यायला बनलेल्या. सेल्फचा दणका तिला पेलत नाही, आणि ढेकळांतले हादरे तर नाहीच. दुसरी चूक कारची बॅटरी. स्वस्त पडते, सुरुवातीला ट्रॅक्टर सुरूही होतो, पण पस्तीस-चाळीस एएचच्या जिवावर डिझेल इंजिन किती दिवस फिरवणार? तिसरं मत ऐकायला मिळतं की मोठ्या बॅटरीने सेल्फ जळतो. नाही जळत. सेल्फ त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो. ८८ च्या जागी १०० ची पेटीत नीट बसत असेल तर खुशाल घ्या. बसत नसेल तर पेटी कापत बसू नका, ८८ पुरेशी आहे.

झाकणवाली की मेंटेनन्स फ्री? जुन्या ट्रॅक्टरला माझं मत झाकणवालीला. मेमध्ये पारा ४५ च्या पार जातो, वरून इंजिनाची धग, पाणी उडणारच. जुनं कटआऊट कधी जास्त चार्ज करेल त्याचा भरवसा नाही. झाकण उघडता आलं तर पाणी भरता येतं, ग्रॅव्हिटी मोजता येते. पाणी म्हणजे डिस्टिल वॉटरच, फिल्टरचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही, आणि ॲसिड कधीच वरून टाकू नका. महिन्यातून एकदा झाकण उघडायचा कंटाळा येत असेल तर मात्र बंद बॅटरीच घ्या.

दुकानात गेल्यावर बॅटरीवरची बनल्याची तारीख विचारा. सहा महिने शेल्फवर पडलेली, तीही पत्र्याच्या तापत्या दुकानात, नको. तुमच्यासमोर मीटर लावायला सांगा, साडेबाराच्या वर दाखवायला हवं. कोरडी बॅटरी देऊन समोर ॲसिड भरणार असतील तर पहिलं चार्जिंग करूनच घ्या, 'ट्रॅक्टरवर होते चार्ज' हे ऐकू नका. वॉरंटीत फुकट बदलून मिळण्याचे महिने किती आणि नंतर नुसती सूट मिळण्याचे किती, हे वेगवेगळं विचारा. जुनी बॅटरी सोबत न्या, तिच्यात शिसं आहे, मोडीचे पैसे वजनावर बिलातून कापून घ्या. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा धुऱ्यावर ॲसिड ओतून शिसं वितळवायच्या भानगडीत कुणी पडू नये. येताना मोटारसायकलवर आडवी बांधू नका. वीस-पंचवीस किलोचं धूड असतं, ॲसिड सांडलं तर पँट अन् कातडं दोन्ही जातात.

जोडताना आधी प्लस, मग मायनस. काढताना उलट, आधी मायनस. कारण मायनस सुटलेला असला की पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बिडी बाजूला ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. टर्मिनलवर व्हॅसलीन लावा, वरची पट्टी घट्ट कसा. हादऱ्याने मेलेल्या बॅटऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात.

हंगाम संपून ट्रॅक्टर उभा राहिला की मायनस सोडून ठेवा, महिन्याला एकदा चार्ज करा. बसवल्याची तारीख ऑइल पेंटने बॅटरीच्या अंगावर लिहा. वॉरंटीचं कार्ड शिक्का मारून आणा. आमचं सातबाऱ्याच्या पिशवीत असतं, कारण घरात तेवढी एकच पिशवी आजवर हरवली नाही.