जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेताना दोन मिनिटांची तपासणी

अमेरिकेत मूल हायस्कूलला गेलं की ग्राफिंग कॅल्क्युलेटर (समीकरणांचे आलेख काढणारा) लागतो, आणि नवा शंभर डॉलरच्या पुढे जातो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीचा वापरलेला टीआय-८४ प्लस बिनधास्त घ्या, पण पैसे देण्याआधी हे बघा:

१. मागचं झाकण उघडा. सेलच्या पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर परत द्या. जाताना चार नवे ट्रिपल-ए सेल सोबत न्या. (टीआय-८४ प्लस सीई मॉडेलची बॅटरी चार्जिंगची, त्याची केबल मागून घ्या.)

२. 'वाय=' कळ दाबून एक्सचा वर्ग टाका, मग झूम आणि ६. यू आकाराची वक्ररेषा (पॅराबोला) अखंड उमटली पाहिजे. पडद्यावर उभी-आडवी रेघ गायब असेल तर नको.

३. प्रत्येक कळ एकदा दाबा.

वर्गात शिक्षक कोणतं मॉडेल वापरतात ते आधी विचारा. सगळं त्याच मॉडेलवर दाखवून शिकवतात, म्हणून मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फक्त एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेसाठी हवा असेल तर खर्च वाचवा, डिजिटल परीक्षेत डेसमॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो.

सांभाळा: नावात 'कॅस' (बीजगणित आपोआप सोडवणारी सोय) असलेला टीआय-एन्स्पायर किंवा टीआय-८९ एसीटी या दुसऱ्या प्रवेश परीक्षेला चालत नाही.