कागदी पुस्तकं ठेवायची की ई-बुक घ्यायचं? आधी कपाट उपसा

हा निर्णय अख्ख्या कपाटाचा एकदम घेऊ नका, एकेक पुस्तक हातात घेऊन ठरवा. आणि ई-रीडर, म्हणजे ई-बुक वाचायचं उपकरण, विकत घ्यायच्या आधीच हे काम उरका. मराठी वाचकाची खरी अडचण पुस्तक ई-रूपात मिळण्याची आहे, आणि ती कपाट उपसल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात आधी बाजूला काढा ते, जे पुन्हा मिळणार नाही. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत असं पुष्कळ निघतं: गावच्या शाळेची स्मरणिका, तालुक्याच्या छापखान्यात छापलेल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, मराठवाडा साहित्य परिषदेचे जुने अंक, निजामाच्या काळातल्या मोडी किंवा उर्दू वह्या, हाताने लिहिलेल्या पोथ्या. यांतल्या बहुतेकांची ई-आवृत्ती कधी निघालेलीच नसते. कागद जपाच, शिवाय पानांचे फोटोही काढून ठेवा. दाराजवळ सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन पानाला समांतर धरून. फ्लॅश मारला की गुळगुळीत पानावर पांढरा डाग उमटतो आणि नेमका मजकूर जातो. जुना कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो, म्हणून पुस्तक दाबून सपाट करू नका, बांधणीपाशीच पान तुटतं. मुखपृष्ठ, छापखान्याचं नाव आणि साल असलेलं पान विसरू नका. फोटो मोबाईलमध्ये आणि शिवाय पेनड्राइव्हवर, असे दोन ठिकाणी ठेवा.

रोज पारायणात असलेली ज्ञानेश्वरी, शब्दकोश, समासात खुणा केलेली पुस्तकं, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं ही कागदावरच बरी. मागेपुढे चाळत वाचायचं पुस्तक पडद्यावर त्रास देतं. एकदा वाचून ठेवलेल्या कादंबऱ्या, प्रवासवर्णनं मात्र खुशाल ई-रूपात घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हा ई-बुकचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

पण कागदी प्रत देऊन टाकण्याआधी ई-प्रत तपासा. ई-बुक विकणाऱ्या दुकानाच्या ॲपवर पुस्तकाचा नमुना फुकट उतरवता येतो. त्यात ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘राष्ट्र’, ‘सूर्य’ असे शब्द शोधा. जोडाक्षरं फुटलेली दिसली, म्हणजे ‘ऱ्या’चे दोन तुकडे झालेले असले, तर ती प्रत घेऊ नका, पूर्ण पुस्तकभर तेच असणार. दुसरी परीक्षा: अक्षर मोठं करा. ओळी नव्याने जुळल्या तर खरं ई-बुक. अख्खं पानच मोठं होऊन कडा पडद्याबाहेर गेल्या तर ते नुसतं स्कॅन आहे. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, सहा इंची ई-रीडरवर तो वाचवत नाही. त्याला दहा इंचांचा टॅब लागतो. फुकटात मिळणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांत बहुतेक स्कॅनच असतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होतं. त्याआधीच्या फुकट पीडीएफ बहुधा चोरीच्या असतात.

उपकरणाचं म्हणाल तर आधी महिनाभर मोबाईलवरच एक कादंबरी वाचून पाहा. ती पूर्ण झाली तरच ई-शाईचा, म्हणजे कागदासारख्या पडद्याचा, रीडर घ्या. त्याचा पडदा उन्हातही स्पष्ट दिसतो आणि एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालतो, त्यामुळे वीज गेली तरी वाचन अडत नाही. मात्र किंडलसारखे रीडर ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायला बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. दुपारी पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका. उष्णतेने बॅटरी फुगते.

विकत घेतलेलं ई-बुक म्हणजे वाचण्याचा परवाना, हेही लक्षात असू द्या. २००९ मध्ये ॲमेझॉनने विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत केले, पण पुस्तक गेलं. शेजाऱ्याला वाचायला देता येईल, नातवाच्या हाती राहील असं पुस्तक कागदावरच घ्यावं.

जे कागदावर राहील त्याची राखण करा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा, कारण वाळवी भिंतीतूनच चढते. मातीच्या भिंतीला लाकडी कपाट तर टेकवूच नका, लोखंडी बरं. फळी तीन फुटांची असेल तर मधे आधार द्या. एवढ्या पुस्तकांचं वजन पंचवीस किलोंच्या आसपास जातं आणि प्लायवूडची फळी वाकते. पावसाळा संपल्यावर पुस्तकं बाहेर काढून सावलीत वारा द्या, कडक उन्हात पानं पिवळी पडतात. कसर दिसली तर ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर पानांवर दव धरतं. कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवायची तर कापडात बांधून; ओली पानं ठेवली की बुरशी येते.

जी पुस्तकं द्यायची ठरली, त्यांची नाव, लेखक, प्रकाशक आणि साल अशी यादी करून गावच्या किंवा तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दाखवा. त्यांना हवी तेवढीच न्या. स्पर्धा परीक्षांची जुनी गाईडं आणि चालू घडामोडी यादीत घालू नका, त्या रद्दीतच जाऊ द्या.