प्लेटलेट कमी, पण डेंगी नाही : आयटीपीचे उपचार कसे समजून घ्यावेत

सोलापुरात पावसाळ्यात प्लेटलेटचा आकडा घसरला की घरच्यांच्या मनात पहिली शंका डेंगीची येते. मात्र ताप नसेल, डेंगीची तपासणी निगेटिव्ह असेल आणि पायांवर लाल-जांभळे बारीक ठिपके उमटले असतील, तर डॉक्टर आयटीपी (इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया) या स्वयंप्रतिकार विकाराचाही विचार करतात.

आधी आकड्याची खातरजमा करावी. एका मायक्रोलिटर रक्तात सर्वसाधारणपणे १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट असतात. परंतु रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. म्हणून काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहे का, हे अवश्य विचारावे.

त्यानंतर विकाराची यंत्रणा समजून घ्यावी, कारण उपचारांचा अर्थ तिच्यातूनच उलगडतो. आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, पण ही अँटिबॉडी बहुधा प्लेटलेटला केवळ चिकटून राहते. तिचे शेपटीसारखे टोक बाहेर उरते आणि प्लीहेतील मॅक्रोफेज या भक्षक पेशींवरील एफसी रिसेप्टर, म्हणजे पकड घेणारी प्रथिने, नेमके तेच पकडतात. मग पेशीच्या आत सिक नावाचे एन्झाइम जागे होते आणि प्लेटलेट गिळली जाते. याच कुळातील एफसी गॅमा टू-बी हा रिसेप्टर उलट पेशींना आवरतो, आणि त्याच्या जनुकातील काही बदलांचा संबंध ल्युपस या दुसऱ्या स्वयंप्रतिकार विकाराशी आढळला आहे. माझ्या मते रिसेप्टरची ही बाजू रुग्णांना फारच कमी वेळा सांगितली जाते.

उपचार सिव्हिलमध्ये असोत वा खासगी रुग्णालयात, प्रत्येक औषधाबाबत ‘हे नेमक्या कोणत्या टप्प्यावर काम करते?’ असे विचारावे. स्टेरॉइडमुळे मॅक्रोफेजची भूक मंदावते आणि पुढे अँटिबॉडीही घटतात. ते मनाने एकाएकी बंद करू नये. अनेक दात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून देण्याचा उपचार, म्हणजे आयव्हीआयजी, काही अंशी रिसेप्टर गुंतवून ठेवतो. आकडा काही दिवसांत चढतो, मात्र परिणाम बहुधा काही आठवडेच टिकतो. रिटुक्सिमॅब हे औषध अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या बी-पेशी कमी करते, तर २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फोस्टामॅटिनिब सिकलाच रोखते.

प्लेटलेटसाठी नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात, त्यामागची कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच रिसेप्टरच्या तावडीत सापडतात. म्हणून गंभीर रक्तस्राव नसताना डॉक्टर त्या सहसा देत नाहीत. प्लीहा काढण्याचे ठरल्यास न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) या जिवाणूंविरुद्धच्या लसी शक्यतो किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात.

अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. तीव्र डोकेदुखी, काळी शौच किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसताच पुढच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णाला थेट अपघात विभागात न्यावे.