लीजनचा पेपर वाचताना आधी उंदराचं काम बघा

‘मॅडम, हिप्पोकॅम्पसला इजा केली की उंदीर हुशार होतो?’ ठाण्यात नौपाड्याला माझ्या घरी एम.ए. सायकॉलॉजीची मुलं येतात, त्यांतलं कुणीतरी दरवर्षी हे विचारतंच. हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग, आणि लीजन म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाला मुद्दाम केलेली इजा. अशा प्रयोगाच्या पेपरचा निष्कर्ष आधी वाचला की असं होतं.

आधी उंदराला काय काम दिलं होतं ते शोधा आणि समासात लिहा: ‘पळायचं’ की ‘थांबायचं’. शटल बॉक्समध्ये आवाज झाला की शॉक बसायच्या आत पलीकडच्या कप्प्यात जायचं, हे पळायचं. जिथे शॉक बसला त्या अंधाऱ्या कप्प्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे थांबायचं. सेप्टम (हिप्पोकॅम्पसशी जोडलेला मेंदूचा भाग) किंवा हिप्पोकॅम्पसला इजा झालेले उंदीर शटल बॉक्स बरेचदा धडधाकट उंदरांपेक्षा लवकर शिकतात, थांबायच्या कामात मात्र आपटतात. दिवाळीत आमच्या गल्लीतला एक कुत्रा रिक्षाखाली दगडासारखा बसून राहतो, दुसरा थेट तलावपाळीपर्यंत धावत सुटतो. जास्त घाबरला कोण? नुसत्या पळण्यावरून कसं सांगणार! उंदराचंही तेच. भीतीने थिजणं कमी झालं की पळणं सोपं होतं, त्याला अक्कल म्हणू नका.

अमिग्डला या मेंदूच्या दुसऱ्या भागाची गोष्ट निराळी. तिथे इजा झाली की भीतीच आटते. ब्लँचर्ड दांपत्याच्या १९७२च्या प्रयोगात असे उंदीर मांजराजवळही बिनदिक्कत गेले.

मग इजा कधी केली ते बघा. किम आणि फॅन्सेलो यांनी १९९२मध्ये उंदरांना एका पेटीत आवाजासोबत शॉक दिला. दुसऱ्याच दिवशी हिप्पोकॅम्पसला इजा केली तर त्या पेटीची भीती गेली, २८ दिवसांनी केली तर टिकली. आवाजाची भीती दोन्ही वेळा शाबूत! ‘भीती गेली’ एवढंच लिहिणाऱ्याचे मी गुण कापते. कशाची गेली?

इजा कशी केली हेही पद्धतीच्या भागात असतं. विजेने जाळलं तर तिथून नुसते जाणारे मज्जातंतूही मरतात. इबोटेनिक आम्लाने पेशी मरतात, तंतू बहुतेक वाचतात. गोखले रोडवरचं एक दुकान बंद करणं वेगळं आणि अख्खा रस्ता खणणं वेगळं.

खोटी शस्त्रक्रिया केलेला, म्हणजे सगळं तसंच करून फक्त इजा न केलेला, गट आहे ना, शॉक सगळ्यांना सारखाच झोंबतो ना, हे दोन मिनिटांत उरका. वेळ द्या तो मेंदूच्या कापांच्या फोटोंना: इजा ठरल्या जागीच आहे, की शेजारी पसरली? झेरॉक्स काळीकुट्ट आली असेल तर मोबाइलवर पीडीएफ मोठी करून बघा.