आपण गेल्यावर आपला फोन कुणी किती बघावा: आजच करून ठेवायची सेटिंग्ज

नॉमिनी म्हटलं की आपल्याला एफडी आठवते, एलआयसी आठवते, फार तर लॉकर. जीमेलचा नॉमिनी कोण, फोटोंचा कोण, चॅटचा कोण हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर घरातली मोठी माणसं म्हणतात शुभ बोल रे बाबा. पण बोलायला पाहिजे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं हे खरं, पण नंतर मद्रास आणि दिल्ली हायकोर्टांनी वेगवेगळ्या केसेसमध्ये हेही सांगितलंय की हा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसांना मिळत नाही. म्हणजे उद्या तुमच्या चॅट कुणी चवीनं वाचत बसलं तर तुमच्या वतीनं हक्क सांगायला कुणी उभं राहणं अवघड. जे काय ठरवायचं ते आत्ता, आपल्या हातानं.

बहुतेक लोक इथे एकच काम करतात, सगळे पासवर्ड एका डायरीत लिहून बायकोला किंवा मुलाला देतात. मला हे अर्धवट वाटतं, कारण त्यात सगळंच्या सगळं सगळ्यांना दिसतं.

१. आधी कागद

एक कोरा कागद घ्या, मधे रेघ मारा. डावीकडे घरच्यांना लागेल ते: फोटो, विजेचं बिल आणि विमा ज्या मेलवर येतो तो मेल, घराचे कागद ज्या ड्राइव्हमध्ये आहेत तो. उजवीकडे जे कुणीच बघायचं नाही ते. उजवी बाजू लिहिताना संकोच करू नका, त्यात काही भानगडच असली पाहिजे असं नाही, घरी मुद्दाम न सांगितलेले रिपोर्ट असतील, स्वतःसाठी लिहिलेल्या नोट्स असतील, एखाद्या मैत्रिणीनं रात्री दोनला टाइप केलेलं तिच्या सासरचं रामायण असेल. हे शेवटचं जास्त नाजूक, कारण ती चॅट जितकी तुमची तितकीच तिची, आणि तिला अजून त्याच घरात त्याच नणंदांसोबत राहायचंय!

विमा एजंट, टॅक्सचं काम करणारे, शिकवण्या घेणाऱ्या बाई यांच्या गॅलरीत तर दुसऱ्यांची आधार आणि पॅन कार्डं भरलेली असतात. ती काम झालं की लगेच उडवा, मरणापर्यंत थांबायची गरज नाही.

२. गुगल

अँड्रॉइडवाल्यांसाठी हे सगळ्यात कामाचं. गुगल अकाउंट उघडा, 'डेटा अँड प्रायव्हसी'त जा, खाली खाली गेलात की 'मेक अ प्लॅन फॉर युअर डिजिटल लेगसी' असं दिसेल, त्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'. ही सोय २०१३ पासून आहे. अकाउंट किती दिवस बंद पडल्यावर गुगलनं हालचाल करायची ते निवडायचं: ३, ६, १२ किंवा १८ महिने. मग १० पर्यंत माणसं नेमता येतात, आणि खरी मजा इथे आहे, प्रत्येकाला वेगळं काय द्यायचं ते निवडता येतं. मुलीला फक्त फोटो, भावाला फक्त ड्राइव्ह, मेल कुणालाच नाही. नेमताना त्यांना काही कळवलं जात नाही, वेळ आल्यावर मेल जातो, मोबाईल नंबरवर कोड येऊन खात्री होते आणि ३ महिन्यांत डेटा उतरवून घ्यायचा असतो. शेवटी विचारतात की त्यानंतर अकाउंट उडवायचं का. उजव्या बाजूचं सामान मेलमध्ये असेल तर इथे 'हो' करा.

एक गोम आहे. तुम्ही हयात आहात की नाही हे गुगल लॉगिनवरून, जीमेलच्या वापरावरून आणि अँड्रॉइड फोन चालू आहे का यावरून ताडतं. घरच्यांनी आठवण म्हणून फोन चार्ज करून वायफायवर चालू ठेवला तर गुगलच्या दृष्टीनं तुम्ही ठणठणीत आहात आणि घड्याळ सुरूच होत नाही. हे घरी सांगून ठेवा. मी माझ्यासाठी ६ महिने ठेवलेत, ३ फार कमी वाटतात, माणूस आजारपणात तेवढा सहज पडून राहतो.

३. आयफोन

सेटिंग्ज, वर आपलं नाव, 'साइन-इन अँड सिक्युरिटी', मग 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपण गेल्यावर आपलं अकाउंट बघणारा माणूस. ५ जणांपर्यंत नेमता येतात. त्यांना एक ॲक्सेस की, म्हणजे खास कोड मिळतो, ती आणि डेथ सर्टिफिकेट दोन्ही दिलं की ॲपल अकाउंट उघडून देतं, ३ वर्षं, मग ते कायमचं डिलीट होतं. कीचेनमधले, म्हणजे ॲपलनं जपून ठेवलेले पासवर्ड आणि कार्डांची माहिती मात्र मिळत नाही. पण गुगलसारखं याला हे, त्याला ते, अशी वाटणी इथे नाही. नोट्स, मेसेज, फोटो, बॅकअप, आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात असलेलं बहुतेक सगळं त्या माणसाला दिसतं. त्यामुळे माणूस विचार करून निवडा, आणि उजव्या बाजूचं काही आयक्लाउडवर ठेवूच नका.

४. फेसबुक आणि व्हॉट्सॲप

फेसबुकवर 'अकाउंट्स सेंटर', 'पर्सनल डिटेल्स', 'अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल', 'मेमोरियलायझेशन'. दोन पर्याय, लेगसी कॉन्टॅक्ट नेमा नाहीतर अकाउंट डिलीट करायला सांगा. लेगसी कॉन्टॅक्ट प्रोफाइल फोटो बदलू शकतो, वर एखादी पोस्ट लावू शकतो, पण मेसेंजर वाचू शकत नाही, तेवढं निश्चिंत राहा.

व्हॉट्सॲपला नॉमिनी वगैरे काही नाही. साधारण १२० दिवस वापर नसला की अकाउंट जातं, पण फोनमध्ये पडलेल्या चॅट तशाच राहतात, ज्याच्या हातात फोन आणि पिन त्याला सगळं दिसतं. म्हणून ज्या चॅट नाजूक आहेत त्यांना 'डिसअपिअरिंग मेसेजेस' लावा, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, हे नव्या मेसेजला लागतं, जुने हातानं उडवावे लागतात. 'चॅट लॉक' करून त्याला फोनच्या पिनपेक्षा वेगळा सीक्रेट कोड द्या. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू केलं की पासवर्डशिवाय तो कुणाला उघडत नाही. आणि भजनी मंडळाच्या ग्रुपचे तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर आज आणखी एकाला करा.

५. पाकीट आणि मृत्युपत्र

डाव्या बाजूच्या गोष्टींसाठी फोनचा पिन आणि लॅपटॉपचा पासवर्ड एका बंद पाकिटात घाला, वर सही करा, ठेवायची जागा एकाच माणसाला सांगा. अंगठ्यावर विसंबू नका, फोन बंद करून चालू केला की तो पिनच मागतो. मृत्युपत्रात पासवर्ड लिहू नका, ते पुढे चार जणांच्या हातात फिरतं, त्यात फक्त लिहा की माझ्या डिजिटल गोष्टी अमुक व्यक्ती बघेल आणि पाकीट अमुक ठिकाणी आहे. मृत्युपत्र कागदावरच हवं, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ई-सही चालत नाही, आयटी ॲक्टमधून मृत्युपत्रं वगळलेली आहेत.

२०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात कलम १४ खाली नॉमिनी नेमायचा हक्क दिलाय, म्हणजे आपण गेल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर कंपनीकडे डेटा डिलीट करा असं सांगायचा अधिकार दुसऱ्याला देता येईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, हे कलम त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर वरची सेटिंग्जच आपली.

६. हे मागे राहणाऱ्यांसाठी

हा भाग घरच्यांना वाचायला द्या. आपल्या इंदूरात कुणी गेलं की तासाभरात उठावन्याचा, म्हणजे शोकसभेचा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतो: पूर्ण नाव, कुठून रिटायर झाले ते खातं, घराचा पत्ता, दोन्ही मुलांचे आणि सुनेचे मोबाईल नंबर. ठगाला आणखी काय पाहिजे हो? दोन दिवसांत फोन येतो, काकांची पेन्शन अडकली आहे, ओटीपी सांगा, आणि रडून दमलेला माणूस सांगूनही टाकतो. मेसेजमध्ये नाव, वेळ, जागा आणि लांबच्या एका नातेवाइकाचा नंबर, एवढं पुष्कळ झालं. घराचा पत्ता लिहायची गरज नाही, ज्याला यायचंय त्याला माहीत असतो.

मृत्यू घरी झाला असेल तर २१ दिवसांत नगर निगमात नोंद करा आणि डेथ सर्टिफिकेटच्या प्रती जास्तच घ्या. त्यांच्या यूपीआयवरून पैसे हलवू नका, पिन माहीत असला तरी, ते आता सगळ्या वारसांचे आहेत, क्लेम रीतसर बँकेत करा. सिम घाईनं बंद करू नका, बँकेचे आणि विम्याचे मेसेज त्यावरच येतात, डेथ सर्टिफिकेट दाखवून ते वारसाच्या नावावर करून घेता येतं. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, म्हणून आधी प्रत्येक बँकेतून आणि ॲपमधून तो काढा. मायआधार पोर्टलवर घरातल्या व्यक्तीच्या मृत्यूची माहिती देता येते, त्यानं त्यांचा आधार नंबर बंद होतो आणि त्याचा गैरवापर टळतो.

फोन सगळ्यात शेवटी. फोटो उतरवून घ्या, सेटिंग्जमधून गुगल अकाउंट काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट मारा, उलट क्रमानं केलंत तर फोन जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागत बसेल. मेमरी कार्ड आणि सिम काढलं का ते बघा, कव्हरच्या मागे खोचलेलं एटीएम कार्डही, आणि मग न्या जेल रोडच्या मोबाईल बाजारात विकायला.